28 हजारांचं घर 36 हजारांना पडतं

आमच्या ऑफिसात सांगलीचा एक मुलगा गेल्या पावसाळ्यात लागला. इतके दिवस मित्राच्या खोलीत गादी टाकून राहिला, आता लग्न ठरलंय म्हणून घर शोधतोय. चहाच्या वेळी मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, कांदिवलीला वन बीएचके. 28 हजार भाडं, लाखभर डिपॉझिट. लाख आहेत माझ्याकडे. जमतंय की!"

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझी लाल वही आणून दाखवली.

मी दादरला एका ट्रस्टमध्ये हिशेब बघते. नऊ वर्षांत भाड्याची पाच घरं झाली. डोंबिवली, भांडुप, गोरेगावात दोन आणि आता कांदिवली. डोंबिवलीच्या घरात शिरताना बांगड्या गहाण टाकायची वेळ आली होती. भाडं जास्त होतं असं नाही, भाड्याशिवाय काय काय लागतं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक घराला वहीत एक पान असतं. त्याला वाचून दाखवलं तेच इथे लिहिते. आकडे आमच्या कांदिवलीच्या घराचे आहेत, आणि योगायोगाने त्याच्यासारखेच: भाडं 28,000, डिपॉझिट 1,00,000.

पानावर आधी उभी रेघ मारायची. डावीकडे "गेले", उजवीकडे "अडकले". डिपॉझिट अडकलेल्या पैशात. दलाली, टेम्पो, करारनामा, पंखे हे सगळं गेलेल्यात. सगळे आकडे एकाच रांगेत लिहिले की माणूस डिपॉझिटच्याच काळजीत राहतो आणि गेलेल्या पैशांकडे लक्षच जात नाही. आणि "अडकले" मधले सगळेच परत येतात असंही नाही, पण ते पुढे.

चावी मिळायच्या आधी

दलाली म्हणजे एका महिन्याचं भाडं, 11 महिन्यांच्या करारावर. मुंबईत हा रिवाज इतका पक्का आहे की घासाघीस करायला लोक लाजतात. करा. मला भाड्यात कधी कोणी सूट दिली नाही, दलालीत दोनदा मिळाली. घर बघायला जायच्या आधीच दलालाला फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. दलाली किती? त्यावर जीएसटी लागणार का? नोंदणी असलेला दलाल 18 टक्के लावतो, म्हणजे 28,000 चे 33,040 होतात. आणि तिसरी, जी कोणी विचारत नाही: 11 महिन्यांनी करार पुढे वाढवला तर पुन्हा दलाली मागणार का? गोरेगावला आम्ही त्याच घरात, त्याच मालकाकडे, त्याच पंख्याखाली दुसरं वर्ष काढलं, आणि दलालाने अर्ध्या महिन्याचं भाडं मागितलं. दिलंही, कारण बोलणं झालेलं नव्हतं. आता मी आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घेते, "रिन्यूअलला दलाली नाही." समोरून नुसता अंगठा आला तरी चालतो.

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने राहायचा, करार 11 महिन्यांचाच असला पाहिजे असं काही नाही. "11 महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही" हे आपल्याकडे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. मग दर 11 महिन्यांनी तोच खेळ कशाला? मालक बरा वाटला तर 24 किंवा 36 महिन्यांचा करा, दर वर्षी किती टक्के वाढ ते त्यातच लिहा, नोंदणीचा खर्च एकदाच होतो. फक्त मधेच सोडता येईल अशी एक महिन्याच्या नोटिशीची अट घाला आणि लॉक-इन किती महिन्यांचं आहे ते नीट वाचा. लॉक-इन सहा महिन्यांचं असेल आणि चौथ्या महिन्यात ऑफिस ठाण्याला हललं, तर दोन महिन्यांचं भाडं नुसतं भरावं लागेल.

कराराचा सरकारी खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते सगळ्या मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागतं. आमचं 800 च्या आसपास आलं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंट मात्र अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला आणि त्याने 5,500 सांगितले. नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे आपलं आपल्यालाही करता येतं. आम्हाला दोघांनाही रजा नव्हती म्हणून एजंट परवडला. मालकाने अर्धे दिले, आमचे 2,750 गेले. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर फुकट भरता येते. त्याचे वेगळे 500 मागितले तर हसून नाही म्हणायचं.

दोन डिपॉझिटांच्या मधला महिना

या मुलाला मी सगळ्यात जास्त वेळ हेच समजावलं. त्याचं हे पहिलंच घर आहे, त्याला आत्ता लागणार नाही. पण दुसऱ्या घराच्या वेळी तुम्ही इथेच अडकणार.

नवा मालक डिपॉझिट चावीआधी घेतो. जुना मालक डिपॉझिट चावीनंतर देतो. मध्ये आपण. गोरेगावच्या मालकाकडे आमचे 75,000 होते. नवरा म्हणाला, ते आले की त्यात 25 घालून कांदिवलीचे भरू. कागदावर दिसायला छान. प्रत्यक्षात कांदिवलीचा लाख 28 तारखेला द्यावा लागला आणि गोरेगावचे पैसे पुढच्या महिन्याच्या 24 तारखेला आले. तेही 57,000. "रंगाचे 18 कापले" एवढाच मेसेज, बिल नाही, फोटो नाही. मधले जवळजवळ चार आठवडे आम्ही नणंदेच्या एफडीवर काढले, आणि ती काही बोलली नाही तरी दिवाळीला साडी जरा बरीच घ्यावी लागली. तीही मी वहीत लिहिली आहे.

म्हणून घर बदलायचं असेल तेव्हा जुनं डिपॉझिट शून्य धरून हिशेब करायचा. आलं तर आलं.

दुसरं असं वाटतं की जुन्या घरात आठवडाभर जास्त राहावं, सावकाश सामान हलवावं. मुदत संपल्यावर राहू नका. त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. चांगला मालक ते मागत नाही, पण डिपॉझिट त्याच्या हातात असताना आपण त्याच्या चांगुलपणाची परीक्षा का घ्या? उलट नव्या घराची चावी तीन-चार दिवस आधी मागायची. रिकाम्या घराचे चार दिवस बरेच मालक फुकट देतात, करार 1 तारखेपासूनच असला तरी.

"सेमी-फर्निश्ड"

हा शब्द ज्याने काढला तो विनोदी माणूस असणार. आम्ही बघायला गेलो तेव्हा आधीचे भाडेकरू राहत होते. पंखे फिरत होते, पडदे होते, खिडकीला कबुतरांची जाळी होती, न्हाणीघरात गीझर. ताबा घेतला त्या दिवशी गीझर आणि एक कपाट एवढंच होतं. बाकी सगळं त्यांचं होतं, ते घेऊन गेले. ट्यूबसुद्धा. संध्याकाळी सात वाजता मोबाइलच्या उजेडात खाली वाण्याकडे जाऊन बल्ब आणला.

घर बघताना म्हणूनच दलालाला प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून विचारायचं, "हे राहणार की जाणार?" आणि राहणाऱ्या वस्तूंची यादी कराराच्या मागे जोडायची. आम्हाला तीन पंखे, चार ट्यूब, पडद्यांचे रॉड, गॅलरीची जाळी, कपडे वाळत घालायचा कप्पीचा स्टँड, वॉशिंग मशीनसाठी वेगळा नळ, शेगडीच्या गॅसनळीचं काम आणि झुरळांची फवारणी एवढ्यात 14,650 लागले. ओट्याखालच्या झुरळांचं तर विचारूच नका. जाळीत काटकसर करू नका. कबुतरं आधी एसीच्या मागे अंडी घालतात आणि मग ते घर आपलं राहत नाही.

टेम्पो आणि हमाल 9,400. टेम्पोवाल्याने 6,000 सांगितले होते. पण इथल्या सोसायटीत सामान लिफ्टने न्यायला बंदी निघाली आणि आमचं घर चौथ्या मजल्यावर. हमाल मजल्यागणिक पैसे घेतात, फ्रिज आणि कपाटाचे वेगळे. शिवाय सोसायटीने शिफ्टिंगचे 2,000 घेतले, आणि रविवारी सामान आणायला मनाई. आधीच वॉचमनला जाऊन विचारलं असतं तर निदान भाव तरी ठरवून घेतला असता. वॉचमनला सगळं माहीत असतं: लिफ्ट, पाण्याची वेळ, कुठल्या विंगमध्ये गळतं, आधीचे का सोडून गेले. दलालाची नजर चुकवून त्याच्याशी पाच मिनिटं बोला.

सोसायटीच्या बाबतीत एक माहीत असू द्या. घर भाड्याने दिलं की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, असा राज्य सरकारचा 2001 चा आदेश आहे, आणि ते बिल मालकाचं असतं. मेंटेनन्सही मालकाचाच, पण "भाडं 28, मेंटेनन्स वेगळा" असं तोंडी सांगून नंतर दर महिन्याला अडीच-तीन हजार मागणारे भेटतात. करारात "मेंटेनन्स व बिनभोगवटा शुल्क धरून" हे शब्द आलेच पाहिजेत. गाडीची जागा वेगळी. आमच्या स्कूटरचे महिन्याला 500.

मीटर

सामान यायच्या आधी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जायचं. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी नाहीतर टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण, जे असेल त्याचा ग्राहक क्रमांक मालकाकडून घेऊन थकबाकी ऑनलाइन बघायची. ताब्याच्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून लगेच मालकाला पाठवायचा. पाइपच्या गॅसचंही तसंच. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे पहिल्या बिलात आधीच्या लोकांचा स्वयंपाक आपल्या नावावर असू शकतो.

आता गोरेगावची गोष्ट. दोघंच माणसं, दिवसभर घर बंद, एसी नाही, आणि बिल तीन हजारांच्या वर. पहिल्या महिन्यात वाटलं फ्रिज जुना आहे. दुसऱ्या महिन्यात नवऱ्याने फ्रिजच बंद ठेवून बघितला, दूध नासलं, बिल तेवढंच. मग माझे वडील चिपळूणहून आले होते, ते आयुष्यभर गिरणीत वायरमन. त्यांनी मला घरातला मेन स्विच बंद करायला लावला आणि स्वतः खाली मीटरपाशी जाऊन उभे राहिले. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो, वीज वाहते तसा तो मिचकावतो. आमच्या घरात अंधार आणि "402" लिहिलेल्या मीटरचा दिवा आपला मिचकावतोय! वडिलांनी खालून हाक मारली, "अगं, तू कुणाच्या घराचं बिल भरतेस?" खडूने लिहिलेले आकडे कधीतरी पुसले गेले होते आणि कुणीतरी 402 आणि 404 उलटसुलट लिहिले होते. दोन महिने आम्ही शेजाऱ्यांच्या दोन एसींचं बिल भरलं. शेजारी सज्जन होते, फरक दिला. पण तेव्हापासून मेन स्विच बंद करून दिवा बघितल्याशिवाय मी एकाही घराचं पहिलं बिल भरलेलं नाही.

बिलाचा अंदाज बांधताना मे महिना धरायचा, जानेवारी नाही. घरगुती दर टप्प्यांचे असतात: 100 युनिटपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, 500 पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. वरच्या टप्प्यात गेलेल्याच युनिटांना वरचा दर लागतो, पण एसी लागला की तीच युनिटं भराभर वाढतात. वर स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. आमचं थंडीत 1,100 येतं, मेमध्ये 3,400.

स्टेशनपासून दहा मिनिटं

दलालाची दहा मिनिटं म्हणजे रविवारी सकाळी सात वाजता, मोटरसायकलवर. घर बघायला संध्याकाळी साडेसातला जा, गाडीतून उतरा आणि चालत या. आमचं घर चालत पंचवीस मिनिटांवर आहे. चालायचं ठरवलं होतं, पण सकाळच्या घाईत आणि रात्री रिक्षा लागतेच. 2025 च्या फेब्रुवारीपासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये झालं. जाऊन-येऊन 52, महिन्याचे 25 दिवस, 1,300. नवऱ्याची वेळ वेगळी, त्याची स्कूटर आहे म्हणून, नाहीतर हेच दुप्पट. स्टेशनला लागून असलेलं 30 हजारांचं घर आम्ही "दोन हजार जास्त" म्हणून सोडलं होतं. आता वहीत त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

रंग आणि बुरशी

पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. कपाटामागे बुरशी, कोपऱ्यात पोपडे. ही गळती इमारतीची, पण सोडताना रंगाचे पैसे आपल्या डिपॉझिटमधून. गोरेगावला 18,000 गेले ते असेच. कांदिवलीला शिरताना मी करारातच लिहून घेतलं, "सोडताना रंगापोटी 12,000, याव्यतिरिक्त कपात बिलाशिवाय नाही." मालक थोडे कुरकुरले, पण आकडा ठरलेला बरा हे त्यांनाही पटलं. सामान नसलेल्या घराचा व्हिडिओ काढायचा, भिंतीचा प्रत्येक कोपरा, नळ, बेसिनखालचा पाइप, फरशीची चीर, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवायचा. जूनमध्ये पहिली ओल दिसली की पुन्हा फोटो, पुन्हा मेसेज. बोलण्यात गोडवा ठेवा, पण लेखी ठेवा.

गणपतीची वर्गणी, वॉचमनची दिवाळी, मावशींचा बोनस, पाणी कमी आलं की टँकरचा वाटा हे मी वेगळं मांडत नाही. वर्षाला पाचेक हजार बाजूला ठेवते. वर्गणीत मात्र कमी करू नका. आरतीला ओळखी झाल्या की लिफ्टचे नियमही जरा सैल होतात.

आता बेरीज. "गेले" च्या खाली दलाली 28,000, करारनामा 2,750, टेम्पो 9,400, सोसायटी 2,000, घरात घातलेले 14,650. झाले 56,800. त्यात शेवटी जाणारे रंगाचे 12,000 आत्ताच धरायचे: 68,800. भागिले 11 महिने, म्हणजे महिन्याला 6,250 च्या वर. त्यात रिक्षा आणि गाडीची जागा मिळून 1,800. 28 हजारांचं घर 36 हजारांना पडतं, तेही वीज-गॅस सोडून, कारण ते कुठेही राहिलं तरी लागणारच. दुसऱ्या वर्षी त्याच घरात राहिलात तर हा आकडा बराच खाली येतो, म्हणून पाच टक्के भाडेवाढीवर रागावून घर सोडायच्या आधी ही वही उघडायची.

आणि घर लावून होईपर्यंत रोख किती लागते? 56,800, लाखाचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं. 1,84,800. त्या मुलाकडे लाख होते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे 28 चं बघायचंच नाही." मी म्हटलं, 22 चं बघ, बोरिवलीच्या पुढे बघ, नाहीतर मुहूर्तानंतर दोन महिने थांब. "हेवी डिपॉझिट, भाडं शून्य" अशा जाहिरातीकडे मात्र वळू नकोस. दहा-पंधरा लाख एकाच माणसाच्या खात्यात अडकवायचे आणि परत मिळण्याची वाट बघायची.

शेवटी त्याने मीरा रोडला 21 हजारांचं धरलं. दलालीत तीन हजार कमी करून घेतले, याद्या केल्या, व्हिडिओ काढला. शनिवारी दुपारी मी भाजी निवडत होते, त्याचा फोन आला. आवाज घुमत होता, मीटरच्या खोलीतच असणार.

"ताई, बायकोला मेन स्विच बंद करायला सांगितलाय. दिवा अजून मिचकावतोय."

"मग तो तुझा मीटर नाही," मी म्हटलं. "शेजारचा बघ."